देवीच्या कोंबड्याची अठरा पिसं

१२ जानेवारी, रविवार

सात पिसं घेतली. फक्त सात!

मानेच्या मागची घेतली, जिथे वरची पिसं पडली की खालचं दिसत नाही. आई बाजारात मासळी घेऊन बसलेली, बाबा होडीवर, हरेशदादा ड्यूटीला. वहिनी आत डाव्या कुशीवर झोपलेली. मी कोंबड्याला मांडीत धरलं, डोळ्यांवर ओढणी टाकली, तसा तो गप्प झाला. एकेक पीस देठाशी धरून झटक्यात काढलं. पहिल्याला ओरडला, नंतर नाही.

कोंबडा देवीचा आहे. हे लिहायलाच हवं, नाहीतर वहीशीही खोटं बोलल्यासारखं होईल. वहिनीची दोन मुलं पोटातच गेली. या खेपेला आई एकवीरेला बोलली — मूल सुखरूप घरात येऊ दे, चैत्राच्या यात्रेला तुझा कोंबडा तुला आणीन. तेव्हापासून हा लाल कोंबडा वेगळ्या खुराड्यात. त्याच्यावर कुणी हात उगारत नाही. देवीच्या कोंबड्यात खोट चालत नाही — तुरा फाटलेला चालत नाही, नख मोडलेलं चालत नाही. पीस उपटलेलं चालतं का, हे कुणी कधी सांगितलंच नाही. असं कोण करणार?

पण त्याची मान! लांब, निमुळती, तांबूस सोनेरी पिसं. कॉलेजातल्या जयप्रकाश सरांनी गळ घट्ट धरून ठेवणारा त्यांचा शिकंजा दिल्यापासून दोन वर्षं मी बाजारातली रंगवलेली पिसं गळावर बांधून खोट्या माशा करतेय, मासा भुलावा म्हणून. ती पाण्यात काडीसारखी ताठ राहतात. मासा येतो, बघतो, जातो. सर म्हणालेच होते, "गावठी कोंबड्याच्या मानेचं पीस मिळालं ना, तर पाण्यात जिवंत होईल तुझी माशी."

यात्रा एप्रिलमध्ये. उपटलेली पिसं दीड-दोन महिन्यांत परत येतात. बी.एस्सी. झूऑलॉजी आहे मी. कुणाला कळणारही नाही.

१३ जानेवारी, सोमवार

तळोज्याच्या लॅबमधून आल्या आल्या बसले. एक माशी झाली. बादलीत ओढून बघितली — उघडते, मिटते, उघडते! श्वास घेतल्यासारखी.

१८ जानेवारी, शनिवार

जिताडा!!

जेट्टीच्या डावीकडे, तिवरांच्या कडेला, भरती अर्धी आलेली. सरांची काठी, सरांची दोरी, माझी माशी. तिसऱ्या फेकीला पाण्याखाली काहीतरी वळलं आणि दोरी जी गेली! दहा मिनिटांनी वर आला. हातभर, चंदेरी, डोळा लालसर. गळाच्या टोकाचा उलटा काटा मी आधीच चेपून ठेवते, त्यामुळे तोंड फाटलं नाही. पाण्यातच धरला, शेपटी हलायला लागली तशी सोडला.

चार वर्षं ऐकतेय की या खाडीत आता काही राहिलं नाही. लॅबमध्ये रोज घाण पाण्याचे आकडे लिहिते मी. आणि तरी तो आहे! मला तो मारायचा नव्हता. आहे, एवढं बघायचं होतं.

घरी बाबाला सांगितलं.

"कवरा?"

"हातभर."

"मग कुठं हाय?"

"सोडला."

बाबाने जाळं खाली ठेवलं. "सोरला? नामा कोल्याची पोर हातातला जिताडा पान्यात सोरते! उद्या बाजारात तुझी आय तोंड कसं दाखवल?"

"बाबा, खायला नव्हता पकडला."

"मग काय मुका घ्यायला पकडला व्हता?" वहिनी पोट धरून हसली. तिला असं हसताना किती दिवसांनी बघितलं!

मग म्हणाला, "बघू कशावर घेतलान." मी माशी त्याच्या हातावर ठेवली. बघितली. "पिसं कुठली?"

"सरांकडची."

पहिलं खोटं.

१९ जानेवारी, रविवार

आणखी अकरा घेतली. एक जिताडा म्हणजे योगायोग, असं कुणीही म्हणेल. पाच-सहा माशा हव्यात, वेगवेगळ्या भरतीला, तारीख-वेळ लिहून. मग छातीठोक सांगता येईल.

एकूण अठरा. आता वारा आला की मानेवर फट दिसते. त्याला खुराड्यात आतल्या बाजूला ठेवलाय.

२४ जानेवारी, शुक्रवार

लॅबमध्ये दादाचा फोन. वहिनीचं पाणी गेलं. एकतीस आठवडे झालेत फक्त!

मी पोचले तोवर झालं होतं. मुलगी. बाराशे दहा ग्रॅम. काचपेटीत ठेवलीय, नाकाला नळी. मला काचेतून दाखवली. तिची मांडी माझ्या अंगठ्याएवढी.

२५ जानेवारी, शनिवार

आई हॉस्पिटलच्या बाकावर बसून आहे, चप्पल काढून, पाय वर घेऊन, बाजारात बसते तशी. प्रत्येकाला सांगतेय. नर्सला, वॉचमनला, शेजारच्या बेडच्या सासूला.

"माझा नवस हाय. घरी कोंबरा हाय लाल, एक नख मोरलेला नाय त्याचा. आई माझ्याशी दगा नाय करायची."

दादा म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नको, डॉक्टर आहेत ना."

"डाक्टर त्यांचं करतील, मी माझं करते."

मी पाणी आणायला म्हणून उठले आणि जिन्यात उभी राहिले. वेळेआधी पाणी जाण्याची कारणं मला माहीत आहेत. सगळी. एकातही कोंबडा नाही.

मग हात का गार पडलेत?

२६ जानेवारी, रविवार

तारखा लावत बसले. अठराला वहिनी हसली. एकोणीसला मी अकरा पिसं काढली. चोवीसला पाणी गेलं. पाच दिवस.

हे चूक आहे. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नसतं — हे मी स्वतः दहावीच्या मुलांना शिकवलंय, फळ्यावर लिहून.

पाच दिवस.

२८ जानेवारी, मंगळवार

अकराशे चाळीस. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुरुवातीला थोडं कमी होतंच. वहिनी दर तीन तासांनी दूध काढते. दहा मिली, आठ मिली. वाटी दोन्ही हातांनी धरून आत देते.

२९ जानेवारी, बुधवार

जंतुसंसर्ग झाला. श्वासाचं मशीन लावलं. डॉक्टरबाई दादाला बाजूला घेऊन बोलल्या. दादा परत आला तेव्हा त्याने कुणाकडे बघितलं नाही.

आई उठून उभी राहिली. "चैत्राची वाट नाय बघायची. येत्या रविवारीच कार्ल्याला जाते. तिचं तिला देऊन टाकते. माझ्या घरात तिची वस्तू अडकलीय म्हनून असा होतंय."

रविवारी! माझे दोन महिने गेले. चार दिवस आहेत हातात.

सांगून टाकायला हवं होतं. तिथेच, त्या बाकावर. तोंड उघडलं. वहिनी वाटी घेऊन आली. मी तोंड मिटलं.

३० जानेवारी, गुरुवार

आज मी जे केलं ते कुणाला सांगितलं तर लोक हसतील. मी पण मधेच हसले. मग रडले.

सुट्टी टाकली. घरी कुणी नाही. आधी वाटलं, केलेल्या माशा उसवून पिसं परत मिळवावीत. दोन उसवल्या. गळावर गुंडाळलेलं पीस सरळ होत नाही, मोडतं. मग खुराड्याखाली गळून पडलेली पिसं वेचली, उरलेल्या बांधायच्या पिसांतली रंगाला जुळणारी काढली. बारा जमली. शिकंज्याजवळचा दिवा लावला, ओढणी टाकून कोंबड्याला मांडीत घेतलं, आणि माशी बांधायच्या लाल दोऱ्याने एकेक पीस त्याच्या मानेवर बांधलं. उपटलेल्या जागी देठ शिल्लक नसतो. म्हणून शेजारच्या पिसाच्या देठाला — बुडाशी सात वेढे, गाठ, वर नेलपॉलिशचा थेंब. गळावर करते तसंच. फक्त हा गळ श्वास घेत होता. त्याचं हृदय माझ्या मनगटावर धडधडत होतं.

तीन तास. दोनदा चोच मारली. अंगठ्यातून रक्त आलं.

अकरा बसली. बारावं बसेना.

मग लांब जाऊन बघितलं. दिसत नाही! खरंच दिसत नाही! मी आजवर केलेलं सगळ्यांत सुबक काम हे आहे. आणि कशासाठी — देवीला फसवायला, जिला मी मानतच नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

तशीच आहे. वाईट नाही, बरी नाही. मशीनचा आवाज काचेबाहेर येत नाही, तरी मला घरी ऐकू येतो.

कोंबडा मान झटकतो. दर वेळी मी धावत जाऊन पिसं मोजते.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहिते.

आईने सकाळी कोंबड्याला आंघोळ घातली. हे मला सुचलंच नाही! लहानपणापासून दर वर्षी बघतेय — देवीकडे न्यायच्या आधी कोमट पाण्याने आंघोळ, मग मानेला हळद, कपाळाला कुंकू. मी सात वेढे मोजत बसले आणि आंघोळ विसरले.

मी दारात उभी होते. आईचा हळदीचा हात मानेवरून खाली आला. पीस हातात आलं. मग दुसरं. तिने डोळ्यांजवळ धरलं.

"याला दोरा हाय."

बाबा पायऱ्यांवर गाडीची वाट बघत होता. त्याने मान वर केली.

"नमे. याला दोरा कसा?"

मी सगळं सांगितलं. सात, मग अकरा. जिताडा. बांधलेली पिसं. मधे थांबले नाही, थांबले असते तर परत सांगता आलं नसतं. आईने सगळं ऐकलं. कोंबडा तिच्या हातात ओला, हळदीने पिवळा, मानेवर उघडी कातडी.

मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुला शाळंत घातली," ती म्हणाली. "मी टोपली वाहिली न् तुला कालिजात घातली. घरातली पयली शिकलेली पोर. न् तू माझ्या नातीचा कोंबरा सोललास? खेलायला?"

दादा आतून आला. त्याला कळायला एक मिनिट लागलं. मग माझा माशांचा डबा उचलून माझ्या पायाशी टाकला. "घे. खेळ."

गाडी परत पाठवली. खोट असलेला कोंबडा नेता येत नाही. आई नुसता नारळ घेऊन गावदेवीला गेली, अनवाणी. बाबा पायऱ्यांवर तसाच बसून. त्याने एकदा तरी माझ्याकडे बघावं म्हणून मी किती वेळ उभी राहिले.

३ फेब्रुवारी, सोमवार

आईने माझ्या हातचा चहा घेतला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलमध्ये आई मला काचेजवळ येऊ देत नाही. "लांबून बघ." कोळीवाड्यातल्या दोघी बघायला आल्या होत्या. आईने त्यांना काही सांगितलं नाही. पण त्या गेल्यावर म्हणाली, "इचारतील तवा काय सांगू? माझ्याच पोरीनं केला?"

वहिनीला दादाने सांगितलंय. ती एकटी असताना गेले. ती दूध काढत होती, पाठ माझ्याकडे.

"खरंच घेतलीस?"

"हो."

"किती?"

"अठरा."

मी म्हटलं, "वहिनी, रागव ना माझ्यावर. काहीतरी बोल."

"रागवायला ताकद नाय गं," ती म्हणाली. "सहा मिली आलंय फक्त. सहा. जरा पाणी आण मला प्यायला."

पाणी आणलं. तिने ते माझ्या हातून घेतलं. मी पुन्हा जिन्यात जाऊन रडले. हा जिना आता माझाच झालाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

जयप्रकाश सरांचा फोन. "काय मग, जिताड्याचं खरं की काय?" मी म्हटलं, सर, तुमचा शिकंजा परत आणून देते. ते म्हणाले, "माझे हात थरथरतात, मी काय करू त्याचं?" मी फोन ठेवला.

माशा खाडीत फेकायला गेले होते. जेट्टीवर पोचल्यावर लक्षात आलं — गळ आहेत. बगळ्यांच्या पायात जातील, फ्लेमिंगोंच्या चोचीत जातील. फेकूनही देता येत नाहीत! परत आणल्या. पक्कडीने एकेक गळ तोडला. पिसं मोकळी झाली तशी चुलीत घातली. घरभर जळक्या केसांचा वास. आईने नाकाला पदर लावला.

चार माशांना पूर्ण एक तास लागला तोडायला. बांधताना मी इतक्या घट्ट बांधल्या होत्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अकराशे. म्हणजे आणखी कमी.

अँटिबायोटिक बदललं. अठ्ठेचाळीस तास बघू म्हणाल्या.

समजा शनिवारपर्यंत काही झालं. या घरात मी कशी राहणार? आई दर चैत्रात माझ्याकडे बघेल. दादा-वहिनीला पुढे मूल झालं तरी बघेल, नाही झालं तरी बघेल. मी सांगत राहीन, विज्ञान, विज्ञान. कुणाला? मलाच पटत नाहीये! पंधरा दिवस झाले, मी रोज स्वतःला समजावते आणि रोज पहाटे डोळे उघडले की पहिला आकडा आठवतो तो ग्रॅमचा नाही, अठरा.

तीन वर्षं शिकले ते एवढंच का? वरवर हळद लावल्यासारखं? पहिली आंघोळ आणि उतरलं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लॅबमध्ये नमुन्याच्या बाटलीकडे बघत मी मनात म्हणाले — आई एकवीरे, माझं काय हवं ते घे.

लिहून ठेवते. लपवण्यासारखं आता काही राहिलेलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

औषध लागू पडतंय! ताप उतरला. अकराशे तीस. मशीनचा दाब कमी केला. डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या, "पोरगी चिवट आहे तुमची." अजून खूप दिवस इथे काढायचेत, त्यांनी बजावलं. पण दादा भिंतीला डोकं टेकून हसत होता, रडत होता.

आईने कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जा. आईनं माफ केला तुला. नाक घासून ये कार्ल्याला."

मी मान हलवली. म्हणजे केलं होतं तर मीच. आता घरात ते कायमचं ठरलं — मी केलं आणि देवीने माफ केलं. बाबा पलीकडच्या बाकावर होता. उठला आणि कुणाला न सांगता निघून गेला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबा म्हणाला, "चल, जालं सोडवायला हात दे." जेट्टीवर नेलं. जाळं मांडीवर घेतलं पण सोडवेना.

म्हणाला, "तो कोंबरा तो नव्हंच."

खरा कोंबडा गणपतीतच मुंगसाने नेला. आई तेव्हा मावशीकडे गौरीला गेलेली चार दिवस. त्याने तळवलीच्या हिरामणकडून तसाच लाल बघून आणला आणि खुराड्यात सोडला. कुणाला बोलला नाही. पाच महिने!

"देवीला बोललेला गेला न् मी बाजारातला ठेवला तिच्या नावानं. तुला तुझी आय बोलत व्हती तवा मी पायऱ्यांवर बसून व्हतो. माझी जीब उचलली नाय." मग जाळ्यात बघत, "तू शिकलेली हायेस. खरं सांग मना. माझ्यानं झायलं काय त्या पोरीला?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "तुझ्यामुळे काही झालेलं नाही." एका दमात, न अडखळता. आणि ते मला पटलं.

त्याने जाळ्याची पहिली गाठ सोडवली आणि विचारलं, "तुझ्या आयला सांगू?"

"नको."

"मग तुझं नाव तसाच ऱ्हाईल, नमे."

"राहू दे."